शेजारी लावायचे दोन आवाज

मेंढरं परत आली.

आज सकाळी कॉलेजला निघाले तर पाथरीच्या बाहेर रस्ता अडलेला. एसटी उभी, उसाचा ट्रॅक्टर उभा, दुचाकीवाले पाय टेकून उभे, आणि मधून काळ्या-पांढऱ्या पाठींचा लोंढा सावकाश चाललेला. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. कळपामागे चालणाऱ्या बाईच्या खांद्यावर कोकरू होतं. तिने मानसुद्धा वळवली नाही. "वाजीव बाबा, वाजीव," ती म्हणाली, "म्होरली म्हातारी मेंढी बहिरीच हाय." दुचाकीवाले हसले. ड्रायव्हरही हसला असावा, कारण हॉर्न थांबला.

मागे वास राहिला. लोकरीचा, लेंड्यांचा, तुडवलेल्या धसकटांचा. फाल्गुनात ज्वारी निघते, हरभरा निघतो, रानं मोकळी होतात आणि हा वास येतो. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची ही आमच्याकडची जुनी रीत. कळप रात्रभर शेतात बसतो, सकाळी उठून जातो, शेताला खत मिळतं आणि धनगराला धान्य. माझं लहानपण या वासात गेलं. कडुनिंब मोहरलेला, पळस पेटलेला, परीक्षा तोंडावर आलेली, आणि गायरानाकडून येणारा हा वास. मला तो आवडायचा. अलीकडे तो आला की मी नाकाला पदर लावते.

कॉलेजात पोचले. बारावीचे पेपर चालू आहेत, त्यामुळे माझ्या टेबलावर नेहमीप्रमाणे यादी होती. वर्गखोल्या, पर्यवेक्षक, पुरवण्या, पाण्याचे माठ. मी यादी करणारी बाई आहे. घरात किराण्याची यादी, प्रवासाची यादी, लेकीच्या लग्नात तर याद्यांची यादी होती. माझे सहकारी चेष्टा करतात, पण पेपरच्या दिवशी सगळे माझ्याच टेबलाशी येतात. यादी केली की काम होतं, असा माझा आयुष्यभराचा अनुभव. एकाच कामात तो खोटा ठरला. त्या कामाचा महिनाही फाल्गुनच होता.

मृणालचा फोन आला तेव्हा मी अशीच पेपरच्या गडबडीत होते. मृणाल माझी वसतिगृहातली मैत्रीण. एका खोलीत राहिलो, एका डब्यातला चिवडा खाल्ला, एकमेकींच्या साड्या नेसलो. पुढे ती पुण्याला गेली, मोठी झाली, मी पाथरीत इतिहास शिकवायला लागले. तिच्याकडे एक प्रकल्प आला होता. मराठवाड्यात निरनिराळे समाज एकमेकांच्या समोर आले तेव्हा काय झालं, कोण कुणाशी काय बोललं, कुणी काय घेतलं, काय नाकारलं, हे माणसांच्याच तोंडून ऐकायचं आणि छापील पुस्तकाऐवजी संकेतस्थळावर प्रकाशित करायचं. आवाज, चित्रं, शब्दांकन, नकाशे, सगळं एकत्र. "तू तिथली आहेस," ती म्हणाली. "तुझ्याशी लोक बोलतील."

मला मोह पडला, हे खरं. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आमच्या जिल्ह्याचा निजामी राजवटीपुरता उल्लेख येतो आणि संपतो. पण आमच्याकडे तो इतिहास माणसांच्या जिभेवर आहे. आमच्या आजोबांच्या पिढीचे जमिनीचे कागद उर्दूत. ते वाचून घ्यायला लोक एका निवृत्त मुस्लिम कारकुनाच्या ओट्यावर बसायचे, आणि तो कारकून त्यांना अस्सल मराठीत शिव्या देत वाचून दाखवायचा. आमच्या बायका भांडतानाही 'इमान' आणि 'दगा' हे शब्द वापरतात, आणि ते कुठून आले हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. हे सगळं कुठे लिहिलेलं नाही. मला वाटलं, निदान एका ठिकाणी नीट मांडून ठेवू.

माझ्या मनात एक गोष्ट आधीपासून होती. ती आमच्या गावची.

आमचं गाव देवगाव फाट्यावरून आत. छप्पनच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीतल्या माणसांनी गावकीची जुनी कामं सोडली. गावानेही मग त्यांना पाण्यापासून तोडलं. तेव्हा आमच्या माणसांनी गायरानात स्वतःची विहीर खणली. तिला पाणी लागलं, आणि चांगलं लागलं. पुढच्या एका उन्हाळ्यात गावची विहीर तळाला गेली, तरी आमची टिकून होती. त्या वर्षी गावातला एक धनगर कर्ता माणूस आमच्या वस्तीत आला आणि मेंढरांना पाणी मागू लागला. ठरलं असं: मेंढरं आमच्या जमिनीच्या तुकड्यांत बसतील, आणि विहिरीजवळच्या हाळावर, म्हणजे जनावरांच्या दगडी डोणीवर, पाणी पितील. मेंढरं प्यायली. धनगराची माणसं मात्र गावच्या विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी घागरीने आणत. मेंढरांना विटाळ नव्हता. माणसांना होता.

त्या उन्हाळ्यात दोन नव्या नवऱ्या त्या विहिरीवर समोरासमोर आल्या. एक आमच्या घरची, माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको अनसा. मी तिला मोठीमाय म्हणते. दुसरी त्या धनगराची सून, सुभद्रा. दोघींची लग्नं त्याच वर्षीची. भर दुपारी सुभद्रा कळप घेऊन हाळाशी उभी होती, अनसा पोहऱ्याने पाणी शेंदत होती. सुभद्राने ओंजळ पुढे केली आणि अनसाने पोहरा वाकवला. इथपर्यंत दोघी एक सांगतात.

सुभद्रा सांगते, "मी प्याले."

अनसा सांगते, "तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाभळीखाली बसलेल्या सासूकडं बघितलं, आन् ओंजळ सोडली. पाणी खाली गेलं. कोकरानं चाटलं."

साठ वर्षं या दोघी या एका ओंजळीवरून भांडत आल्या. मधल्या काळात एकमेकींच्या घरी चहा झाले, जेवणं झाली, बाळंतपणं झाली, शेळ्यांची देवघेव झाली. सुभद्रामावशी आमच्याकडे आली की स्वतःच्या हाताने माठातून पाणी घेते. तरी भांडण तिथेच. मोठीमाय म्हणायची, "आता पेती. आता समदेच पेतेत. त्या दिशी कोण प्यालं ते बोल." आणि सुभद्रामावशी म्हणायची, "तुझे डोळे तवाच गेले व्हते गं अनसे, आता नुसता चष्मा लागलाय."

इतिहासाची बाई म्हणून मला वाटायचं, यातलं एक खरं आणि एक खोटं असं शोधत बसण्यापेक्षा दोन्ही ठेवावीत. पण कागदावर ठेवायची म्हटलं की एक आधी येतं, एक नंतर. नंतरचं उत्तरासारखं वाटतं, तक्रारीसारखं वाटतं. पडद्यावर ही अडचण नाही. तिथे दोन स्तंभ शेजारी-शेजारी लावता येतात. एकीकडे सुभद्रा, एकीकडे अनसा. एका बाजूच्या वाक्यावर बोट ठेवलं की दुसऱ्या बाजूचं त्याच क्षणाचं वाक्य उजळतं. वाचणारा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो, आणि ठरवायची घाई करत नाही. मी हे मृणालला सांगितलं तेव्हा ती फोनवर जवळजवळ ओरडली. "अगं, हेच तर हवंय आपल्याला!"

त्या फाल्गुनात मी गावी जात राहिले. ध्वनिमुद्रक, कापडात गुंडाळलेला माइक, जादा बॅटऱ्या, मोठीमायसाठी गुळशेंगा, सुभद्रामावशीसाठी तपकीर. पेपर सुटला की एसटी, फाट्यावरून जीप. रान मोकळं पडलेलं आणि त्यावर सांजेला मेंढरांची धूळ उठलेली. ध्वनिमुद्रणात मागे कुठेतरी सतत कोकरं ओरडतात. पुण्याच्या तंत्रज्ञ मुलीने विचारलं होतं, "मॅडम, हा आवाज काढून टाकू का?" मी म्हटलं, "अजिबात नाही, तोच तर तिसरा साक्षीदार आहे."

मोठीमाय सहजासहजी बोलायला तयार झाली नव्हती. वट्यावर बसून तिने मला चांगलं उलटंसुलटं विचारलं.

"हे कोण बघणार?"

"सगळे बघतील, मोठीमाय. कुठूनही."

"सुभद्रेचं बी ठिवणार?"

"तिचंही ठेवणार."

"वर कोण, खाली कोण?"

"कुणीच नाही. शेजारी-शेजारी."

तिने दोन्ही तळहात उघडून मांडीवर जवळजवळ ठेवले. "असं?"

"असं."

"जबान दे."

मी जबान दिली. हा शब्द आमच्याकडे अजून जड आहे. शहरात माणसं वचन देतात, शब्द देतात, ईमेल करतात. आमच्या वस्तीत जबान दिली की ती देणाऱ्याच्या अंगावर राहते.

मग ती बोलली. सुरुवातीला पदराने तोंड पुसत, नंतर सरळ माइककडे बघत. तिने त्या दुपारचं ऊन सांगितलं, दोराने सोललेले हात सांगितले. "मी पोहरा धरून उभी व्हते," ती म्हणाली. "तिनं हात पुढं केला तवा मला वाटलं, आता झालं. आता समदं झालं. आन् मग पाणी खाली पडल्याचा आवाज आला."  मागे एक कोकरू ओरडलं. ते वाक्य मी शब्दांकनात उतरवलं तेव्हा टंकायचं थांबवून मी बाहेर जाऊन उभी राहिले होते.

सुभद्रामावशी तिच्या अंगणात, घोंगडीवर बसून, अगदी ठसक्यात बोलली. "मी प्याले. थंड पाणी व्हतं. उरलं ते सांडलं, ते अनसानं बघितलं. प्याल्यालं बघितलं न्हाई, सांडल्यालं बघितलं. तिची नजरच तसली हाय." आणि माइकला उद्देशून, "ऐकू यायलंय न्हवं तुला?"

शब्दांकन मी स्वतः केलं. बोली बदलली नाही, एक 'हाय' सुद्धा 'आहे' केला नाही. दोन्ही बाजूंच्या क्षणांच्या जोड्या लावल्या. कॉलेजच्या संगणक कक्षात पुण्याहून आलेली कच्ची मांडणी उघडून पाहिली तेव्हा मोठ्या पडद्यावर त्या दोघी खरंच शेजारी बसल्या होत्या. चुलीपुढे बसतात तशा, अर्ध्या एकमेकींकडे वळलेल्या. नोकरीतल्या इतक्या वर्षांत इतकं समाधान मला क्वचितच मिळालं असेल. यादीतली सगळी कामं खोडली आणि सगळं मृणालकडे पाठवलं.

पुढचा फाल्गुन आला. पेपर संपवून मी गठ्ठे बांधत होते. आमचे भूगोलाचे सर मोबाईल पुढे करत आले. "मॅडम, तुमच्या गावचं आलंय की. रडू आलं हो मला."

मी पाहिलं. शीर्षक होतं 'पाण्याचं नातं'. पडद्यावर मावळतं ऊन, मोकळं रान, संथ चालणारी मेंढरं. सुभद्रामावशीचा आवाज: "मी प्याले. थंड पाणी व्हतं." तिथेच कापलेला. मग बासरी. बासरीवर मोठीमायचा चेहरा, अगदी जवळून, सुरकुत्यांसकट. तिचे ओठ हलत होते. ती बोलत होती, आणि वर बासरी वाजत होती. खाली ओळ होती: 'अनसाबाई, ज्यांच्या विहिरीवर हा क्षण घडला.' शेवटी, माणुसकीला जात नसते, असं काहीतरी. कोकरांचा आवाजही काढून टाकला होता.

मी परत पाहिलं. दुसरा स्तंभ कुठेतरी खाली असेल म्हणून पान शेवटापर्यंत सरकवलं. नव्हता.

"छान आहे ना?" सर म्हणाले. मी गठ्ठ्याला गाठ मारली आणि पुन्हा सोडून पुन्हा मारली.

मृणालला फोन लावला. ती आनंदात होती. "बघितलंस? केवढे लोक बघतायत!"

"अनसाबाईंचा आवाज कुठे आहे?"

"अगं, दोन स्तंभ मोबाईलवर बसत नाहीत. एक वर जातो, एक खाली. खालचं कुणी बघत नाही."

"मग आडवं सरकवायचं ठेवता आलं असतं. डावीकडून उजवीकडे. मी लिहून कळवलं होतं."

"ते झालं असतं, पण लोक गोंधळतात. ती प्याली की नाही प्याली? प्रेक्षकाला एक गोष्ट लागते. आणि भावना तीच आहे ना शेवटी? दोन बायका, एक विहीर."

"भावना तीच नाहीये, मृणाल. एकजण म्हणते पाणी पोचलं. दुसरी म्हणते पोचलं नाही."

 ती आवाज मऊ करून म्हणाली, "तू फार जवळून बघतेयस. तुझ्या घरचं आहे ना, म्हणून."

साड्या वाटून नेसलेली मैत्रीण. तिला माझं घर कुठलं ते नेहमी माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिने ते मला अडचण म्हणून सांगितलं. मी फोन ठेवला. दग्याची मला जी कल्पना होती त्यात आरडाओरडा असायचा, कुणीतरी तोंड लपवायचं. इथे समोरची बाई खूश होती. तिला वाटत होतं तिने आमचं भलं केलं. अशा माणसाशी भांडायचं कसं, याची माझ्याकडे यादी नव्हती.

मी गावी पोचायच्या आत ते गावी पोचलं होतं. मोबाईलला जीप लागत नाही. वट्यावर चार-पाच बायका बसल्या होत्या, मोठीमायची सून हातात फोन घेऊन. मला पाहून बायका उठल्या, कुणी चुलीकडे गेली, कुणी घरी. मोठीमाय बसून राहिली.

"व्हट हलायलेत माझे," ती म्हणाली. "आवाज कुठं गेला?"

"मोठीमाय, मी दिला होता. सगळा दिला होता. तिकडे त्या मृणालने..."

"कोण मृणाल? माझ्या वट्यावर कोण आल्तं?"

मी खांद्यावरची पिशवी उतरवून वट्याच्या कडेला टेकले.

"वर-खाली न्हाई म्हणलीस. मी म्हणलं, बरं. खाली ठिवलं असतं तरी मी म्हणलं असतं, जाऊ द्या, खाली का व्हईना, हाय तर खरं. काढूनच टाकलं गं." तिचा आवाज चढला नाही. "तवा बी मी पोहरा धरून उभीच व्हते. आता बी उभीच ठिवली. मागं पिपाणी वाजवून."

तिने मला चहा दिला. आमच्याकडे रागावलं तरी चहा चुकत नाही.

सुभद्रामावशीकडे गेले तर तिथे वेगळाच तमाशा. तिच्या नातवंडांनी कौतुकाने आख्ख्या गल्लीला दाखवलं होतं, कुणीतरी तिला शाल दिली होती. शाल बाजेच्या पायाला गुंडाळून पडली होती.

"ही बासरी कुठून आली गं?" तिने मला बघताच विचारलं. "आमच्या घरात कुणाच्या बापानं बासरी वाजवली न्हाई. मी काय किसन हाय का?"

"मावशी, मोठीमायचं काढून टाकलंय त्यांनी."

"दिसतंय की मला. आंधळी हाय का मी?" ती तपकिरीची डबी उघडून बसली, पण ओढली नाही. "तुला सांगू का, खरं माझंच हाय. म्या प्याले. पर अनसानं मला खोटं म्हणायला पायजे. ती खोटं म्हणायली म्हणून तर मी साठ साल खरं सांगायले. ती न्हाई तर माझ्या खऱ्याला चव काय?" मग एकदम चिडून, "माझं बी काढ म्हणावं त्या बाईला. तिचं न्हाई तर माझं बी नको."

हे मी मृणालला लिहून पाठवलं. शब्दशः. बोलणारीनेच आपला आवाज परत मागितला आहे, असं स्पष्ट लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, ते मृणालचं नव्हतं, प्रकल्पाच्या कार्यालयाचं होतं. सूचनेची नोंद घेतली आहे. पान पाहिलं तर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, एक ओळ वाढवली होती: 'या घटनेविषयी अन्य मतेही आहेत.'

अन्य मते. मोठीमायचे सोललेले हात, बाभळीखालची सासू, ओंजळीतून खाली गेलेल्या पाण्याचा आवाज. अन्य मते.

मी वर्गात मुलांना शिकवते की इतिहास जिंकणारे लिहितात. हे वाक्य शिकवायला सोपं आहे. आमच्या गोष्टीत कुणी जिंकलं नव्हतं. ज्यांनी लिहिलं त्यांना कुणाला हरवायचंही नव्हतं. त्यांना फक्त शेवट गोड हवा होता. त्या गोडव्यासाठी एका बाईचे ओठ हलते ठेवून आवाज काढून घेता येतो, आणि हे करणाऱ्याला रात्री नीट झोप लागते, हे मी त्या वर्षी शिकले. पूर्वी गावाने आमच्या माणसांना पाणी दिलं नाही तेव्हा निदान तोंडावर नाही म्हटलं होतं.

मूळ ध्वनिमुद्रणं माझ्याकडे आहेत. एखादं साधं पान मलाही उभारता येतं. शिकून घेतलं, ते अवघड नाही. दोन स्तंभ, मोबाईलवर आडवे सरकणारे, मागे कोकरांसकट. सगळं तयार केलं आणि मोठीमायला विचारायला गेले. वाटलं, आता तरी.

ती भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली.

"न्हाई."

"मोठीमाय, यात कुणाचा हात नाही. फक्त माझा."

"तवा बी तुझाच व्हता." भाकरी फुगली, तिने ती तव्यावरून निखाऱ्यावर घेतली. "आता मी बोलले तर लोक म्हणतील, सुभद्रेला शाल भेटली म्हणून म्हातारी जळायलीय. आधी बोलले आस्ते तर ते बोलणं व्हतं. आता ते उत्तर झालं."

कागदावर नंतर आलेलं उत्तरासारखं वाटतं, हे मी स्वतःच मृणालला समजावून सांगितलं होतं. मोठीमायला ते कुणी सांगायची गरज पडली नाही. मी पान बंद करून ठेवलं. प्रकाशित केलं नाही. कॉलेजातल्या मुलांना आजही सांगते, माध्यम चांगलं आहे, शिका. पण परवानगी एकदा घेऊन भागत नाही, हेही सांगते. माणूस जिवंत आहे तोवर ती परत परत घ्यावी लागते. आणि तो नाही म्हणाला तर तयार पान तसंच ठेवावं लागतं.

हा लेख लिहायच्या आधीही मी तिला विचारलं. ती म्हणाली, "गावानं ऐकलंय तेवढं लिही. बाकीचं न्हाई." म्हणून तेवढंच लिहिलं आहे.

तेव्हापासून तिच्या घरी एक नवी रीत झाली आहे. मी वट्यावर चढले की ती आधी विचारते, "ते कुठंय?" ते म्हणजे मोबाईल. मी पिशवीतून काढून दाखवते. ती बोटाने बाहेरच्या कोनाड्याकडे खूण करते. मी तो तिथे ठेवते आणि मग आत जाते. पहिल्या वेळी मला ते फार लागलं. चोराची झडती घ्यावी तसं वाटलं. आता कोनाड्याकडे हात आपोआप जातो, आणि तेच जास्त लागतं.

मागच्या रविवारी गेले होते. गायरानात गावचा कळप बसलेला, उन्हं तिरपी. सुभद्रामावशीही आली होती, तिच्याकडे साधा बटणांचा फोन.

"तुझं बी ठिव भायेर," मोठीमाय तिला म्हणाली.

"अगं, माझ्यात नुसतं हॅलो व्हतंय."

"हॅलो बी भायेर."

मावशीने कुरकुरत तो माझ्या फोनशेजारी ठेवला. आत येऊन माठातून पाणी घेतलं, प्याली, तांब्या पालथा घातला आणि भिंतीला टेकून बसली. मग त्यांचं सुरू झालं. शेळीची खोड, सुनेची खोड, कुणाच्या लेकीचं स्थळ, आणि मग, त्या ऋतूत ते येतंच, ती दुपार. माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही. मी शेंगा सोलत बसले होते. बाहेर कोनाड्यात कुणाचा तरी फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. कुणी उठलं नाही.

मग सुभद्रामावशी एक वाक्य बोलली. आजवर त्या भांडणात ते कधी आलं नव्हतं. माझ्या ध्वनिमुद्रणात नाही, मृणालच्या पानावर नाही.  मोठीमाय पुढे सरकली, मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तितकंच लहान काहीतरी म्हणाली.

माझा हात सवयीने पिशवीत गेला. पिशवीत काही नव्हतं. मोठीमायने ते पाहिलं. शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "सोल."

मी सोलत राहिले. त्या दोघी काय म्हणाल्या ते मला पाठ आहे, आणि इथे ते नाही.